झावळीची राख

गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो आणि चर्चमध्ये कपाळाला राखेचा क्रूस लावतात त्या दिवशी, संध्याकाळी धाकट्या भावाची पोर चर्चमधून बाहेर आली तीच कपाळ चोळत. नऊ वर्षांची होती. "आग होतेय," म्हणाली. आमच्या आईनं पदरानं राख पुसली, तर खाली क्रुसाच्या आकाराचा लालसर पट्टा. मागून आणखी दोन-तीन पोरं तशीच आली. कोणी म्हणालं उन्हानं असेल, कोणी म्हणालं लहान मुलांची कातडी नाजूक. आईनं पदराला लागलेली राख दोन बोटांत चोळून पाहिली आणि एवढंच म्हणाली, "पाणी घातलंय यात." मग नळाखाली पोरीचं कपाळ बराच वेळ धुतलं, खोबरेल लावलं. रात्रीपर्यंत पट्टा गेलासुद्धा.

पण घरात त्या रात्री कोणी फारसं बोललं नाही. चर्चसाठी ही राख बाबा करायचे, आणि त्यांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

त्यांच्यानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांच्याच डब्यातली उरलेली राख वापरली होती. दरवर्षी ते गरजेपेक्षा थोडी जास्त करून पत्र्याच्या डब्यात ठेवत, म्हणजे एखाद्या वर्षी झावळ्या कमी आल्या तर अडायला नको. दुसऱ्या वर्षी डबा रिकामा झाला आणि राख नव्या माणसानं केली. त्याची चूक म्हणवत नाही. क्रूस कपाळावर ठळक उठावा म्हणून त्यानं वाटीत पाणी घालून खळीसारखं कालवलं. दिसायला ते सोयीचं असतं: अंगठा बुडवला की काळंभोर चिकटतं, सांडत नाही, डोळ्यांत उडत नाही. पण राखेनं भांडी का निघतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगावं लागत नाही. पाला जळला की त्यातले क्षार मागं राहतात. कोरडे आहेत तोवर ते गप्प असतात. पाणी मिळालं की तेलकटपणाला खायला लागतात. कढई लख्ख होते ती त्यामुळंच. पूर्वी बायका राख पाण्यात कालवून वरचं निवळ काढून घेत, त्यात कपडे भिजवत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोटांची सालपटं निघत. कपाळाच्या कातडीवरही तेलच असतं. त्यात लहान मूल, वर ओली राख, आणि पुसायची नाही म्हणून तासभर तशीच वागवलेली. आशीर्वाद देताना फादर राखेवर पवित्र पाणी शिंपडतात, ते चार थेंब. तेवढ्यानं काही होत नाही. भांडंभर कालवलं की होतं.

बाबा राख बुधवारच्या आधीच्या सोमवारी करायचे. त्याच्या दोन रविवार आधी मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, शेवटी सूचना यायची की मागच्या वर्षी ईस्टरच्या आदल्या रविवारी आशीर्वाद देऊन वाटलेल्या झावळ्या आणून द्या. मग लोक घरच्या तसबिरींमागून, दाराच्या चौकटीवरून, कपाटाच्या डोक्यावरून त्या काढून आणत. वर्षभरात त्यांना जाळी लागलेली असे, कोणी लाल रिबिनीचा बो बांधलेला असे, कोणी रबर, कोणी प्लास्टिकचं फूल खोचलेलं. बाबा पहिला दिवस फक्त निवडण्यात घालवत. प्लास्टिकचा एक तुकडा राहिला तरी तो वितळून पानांना चिकटतो, ती गुठळी पुढं चाळणीतून जात नाही, आणि सगळ्या राखेला वास लागतो तो वेगळाच. निवडून झालं की हीर काढायची. नारळाच्या पात्याच्या मधली ही काडी, जिचा खराटा होतो, ती जळायला पात्याच्या चौपट वेळ घेते. पातं राख होऊन जातं तेव्हा हीर अजून कोळसा असते, कुटली तरी तिचे बारीक टोकदार कण उरतात आणि ते कपाळावर ओरखडतात. म्हणून एकूण एक हीर बाहेर. मग पाती चार बोटांएवढी कापून दोन दिवस उन्हात. पाचगणीत फेब्रुवारीतलं ऊन चांगलं कडक असतं, पण रात्री दव पडतं. संध्याकाळी गोणी घरात आली नाही तर सकाळी पहिल्यापासून सुरुवात.

जाळायला लोखंडी घमेलं. अॅल्युमिनियमचं पातळ भांडं तापून पोचतं आणि त्याची काळी भुकटी राखेत उतरते. पेटवायला मेणबत्तीचं बुडूख; रॉकेल कधीच नाही, कारण रॉकेलचा वास जळूनही जात नाही. घमेलं एक चतुर्थांशच भरायचं, ज्वाळ वरपर्यंत पोचू द्यायची, आणि मग इथं खरं कसब: पाती काळी झाली की दुसरं घमेलं वर पालथं घालायचं, बोटभर फट ठेवून. धूर पांढऱ्याचा निळसर झाला की फटही बंद. त्यानंतर दोन तास हात लावायचा नाही. आमच्यापैकी कोणीतरी दरवर्षी घाईनं झाकण उचलायचं, आत वारा शिरायचा, निखारा फुलायचा आणि सगळं पांढरं होऊन जायचं. पांढरी राख म्हणजे नुसता क्षार. ती कपाळावर दिसत नाही, टिकत नाही आणि झोंबते जास्त. काळी हवी. काळी म्हणजे अर्धी जळलेली, जिच्यात पाल्याचा कोळसा शिल्लक आहे. ती मऊ असते. थंड झाली की दगडी खलात कुटायची, मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळायची, एका वाटीला गोडेतेलाचे पाच-सहा थेंब घालून बोटांनी चोळायची. चिमटीत धरली तर धरून राहावी, सोडली तर मोकळी व्हावी, रांगोळीपेक्षा किंचित जड. तेल जास्त झालं तर घामाबरोबर नाकावर ओघळते. गच्च भरलेल्या गोणीची तांब्याभरही राख होत नाही, पण चहाची एक वाटी चारशे कपाळांना पुरते.

हे सगळं बाबांना कोणी शिकवलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ते मूळचे नगर जिल्ह्यातले. तिकडच्या मराठी कॅथलिक खेड्यांत त्यांचं बालपण गेलं, आणि 1963 च्या सुमारास एका फादरांच्या चिठ्ठीवर ते पाचगणीला आले, बोर्डिंग शाळेत सुतार म्हणून. बाकं, खाटा, खिडक्यांची तावदानं, पावसाळ्यात फुगून न लागणारी दारं. शाळेचं काम सकाळी आठला सुरू व्हायचं. त्याआधी सव्वासहाला चर्च उघडणं, घंटा, वेदी, मिस्सा. त्याचा पगार नव्हता आणि तसं कोणी त्यांना नेमलंही नव्हतं. आल्या वर्षी चर्चच्या दाराची बिजागरी दुरुस्त करायला गेले, आणि मग साठ वर्षं जातच राहिले.

वेदीजवळचा अखंड दिवा हा त्यांचा रोजचा जीव. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली आशीर्वादित भाकर, ठेवलेल्या पेटीपाशी तो सतत तेवता असावा लागतो. त्यात खोबरेल जळायचं, आणि पाचगणीच्या डिसेंबरात तीच अडचण. खोबरेल 24-25 अंशांखाली थिजतं. वात पेटती असली तर तिच्याभोवती वाटोळं तळं तयार होतं, तेवढंच तेल पातळ. ते संपलं की कडेचं घट्ट तेल आत यायला तयार नाही, आणि भांडं अर्धं भरलेलं असूनही पहाटे दिवा विझलेला. बाबांनी पहिल्या हिवाळ्यात ते पाहिलं. दुसऱ्या हिवाळ्यापासून दिवाळी झाली की तीन भाग खोबरेलात एक भाग करडईचं तेल. करडई थिजत नाही आणि आपल्याकडं घाण्यावर सहज मिळते. संक्रांत उलटली की पुन्हा नुसतं खोबरेल. आता तिथं विजेचा लाल दिवा आहे. लाईट गेली की तो जातो, आली की येतो. बाबा त्याच्यासमोरही गुडघा टेकायचे, पण तेलाची बाटली त्यांनी शेवटपर्यंत सांक्रिस्टीच्या, म्हणजे वेदीशेजारच्या खोलीच्या, कपाटात ठेवली होती.

आईचा वाटा कपड्यांचा. मिस्सेत कटोरा पुसायचं फडकं आणि वेदीवर अंथरायचं चौकोनी कापड घरी धुवायला यायचं, पण पहिलं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही. त्यात ख्रिस्तशरीराचा कण असू शकतो. ते पाणी अंगणातल्या गुलाबाच्या मुळाशी, पायाखाली येणार नाही अशा जागी ओतायचं, साबण त्यानंतर. इस्त्री करून घडी आतल्या बाजूला, तीन उभ्या तीन आडव्या, म्हणजे उलगडल्यावर नऊ चौकोन, आणि कण असलाच तर आतच राहणार. त्या गुलाबाला फुलं भरपूर यायची. आई त्याचं श्रेय शेणखताला द्यायची.

जपाच्या माळेचं, म्हणजे रोझरीचं, सांगायचं तर बाबांकडे गावभरच्या तुटक्या माळा यायच्या. बुटाच्या खोक्यात, प्रत्येकीला कागदाचा चिटोरा. माळेत 59 मणी: 53 लहान, 6 मोठे. बहुतेकांची चूक मोठ्या मण्यांत होते. दहा-दहा लहान मण्यांची पाच दशकं म्हणून वर्तुळात पाच मोठे मणी ओवतात. खरे चारच लागतात, कारण पाचव्याची जागा मधलं पदक घेतं आणि उरलेले दोन खाली क्रुसाकडच्या शेपटीत असतात, मधे तीन लहान. तारेची माळ तुटते ती मण्यात नव्हे, दोन कड्यांच्या जोडावर. ते कडं पकडीनं ओढून रुंद केलं की त्याचा गोलावा जातो आणि पुन्हा मिटत नाही. ते बाजूला पिळून उघडायचं आणि उलट पिळून मिटवायचं. दोऱ्याच्या माळेला बाबांनी एकदा तंगूस वापरून पाहिला. तुटेना, पण गाठ सुटायला लागली, गुळगुळीत असतो म्हणून. मग चांभारी मेणाचा दोरा, एका माळेला 4 फूट, आणि दशकाच्या दोन्ही टोकांना गाठ. घामानं दोरा कुजतो, तेव्हा ज्याची माळ वर्षात तुटून परत आली त्याच्याबद्दल बाबा काही बोलत नसत, पण चेहरा खुलायचा. ज्या माळा दहा वर्षांनी आल्या त्याही त्यांनी तितक्याच निगुतीनं ओवल्या.

घरी संध्याकाळी सातला माळ. पाहुणे असोत, परीक्षा असो. पाच दशकं नीट म्हटली तर वीस मिनिटं, शेवटची विनंतीमाला धरून अर्धा तास. प्रत्येक दशकाला येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा, त्याला रहस्य म्हणतात. सोमवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी गौरवाची. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी गुरुवारसाठी प्रकाशाची रहस्यं नवी दिली. बाबांना ती पाठ व्हायला फार दिवस लागले. गुरुवार त्यांच्या अंगात आनंदाच्या रहस्यांचा मुरलेला होता. "काना गावचं लग्न" पर्यंत यायचे आणि अडायचे. तेव्हा पुढचं रहस्य नातवंडं सांगायची, आणि आजोबांना कोणीतरी सांगतंय याची पोरांना कोण मजा वाटायची.

नेमाच्या बाबतीत ते कडक होते. कधी कधी जाच व्हावा इतके. उपवासाच्या दिवशी शेजारच्या काकू विचारायच्या, "तुम्हाला साबुदाणा चालतो का?" त्यांच्याकडे उपवास म्हणजे कुठला पदार्थ चालतो हा प्रश्न, आमच्यात मांस वर्ज्य आणि बाकी प्रश्न किती खाल्लं याचा. दिवसात एकदाच पोटभर, आणि दुसऱ्या दोन वेळा मिळून तेवढं व्हायचं नाही. त्यामुळं राखेच्या बुधवारी दुपारी भाकरी आणि पिठलं, सकाळी-रात्री निम्मी भाकरी. साठावं वर्ष लागलं की चर्चच या उपवासातून मोकळं करतं. बाबांनी ती मोकळीक घेतली नाही. कम्युनियनआधी, म्हणजे मिस्सेत ख्रिस्तशरीर घेण्याआधी, एक तास काही खायचं नाही असा आताचा नियम आहे. बाबा लहानपणी जसे मध्यरात्रीपासून पाण्याच्या थेंबाशिवाय राहत तसेच राहायचे, साखर वाढलेली असतानाही. डॉक्टरांनी समजावलं, फादरांनीही समजावलं. शेवटी आईनं चष्म्याच्या घरात दोन लिमलेटच्या गोळ्या ठेवायला सुरुवात केली. त्या चघळल्या की नाही, ते दोघांनाच माहीत.

हा कडकपणा धाकट्याच्या लग्नात सगळ्यांना बोचला. मुलगी साताऱ्याची, हिंदू घरातली, लाघवी. चर्च अशा लग्नाला परवानगी देतं, पण कॅथलिक बाजूनं एक वचन द्यावं लागतं की मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून मी आपल्याकडून होईल ते सगळं करीन. धाकटा म्हणाला, पाळता येणार नाही ते वचन मी देणार नाही. त्यानं साताऱ्यात रजिस्टर लग्न केलं. बाबा गेले नाहीत. सव्वा वर्ष बोलले नाहीत. आई ओल्या डोळ्यांनी एसटीनं एकटी जाऊन यायची. त्यातल्या त्यात धाकट्याचं वागणं बाबांच्याच वळणाचं होतं, खोटं वचन नको म्हणणारं, आणि ते त्यांना दिसत नव्हतं असं नाही. तरी गेले नाहीत. आज ते नसताना या गोष्टीवर पांघरूण घालणं सोपं आहे; घालू नये.

पोरगी झाली. बाप्तिस्मा झाला नाही, मोठी झाल्यावर तिचं ती ठरवील असं दोघांनी ठरवलं. बाबा तिला पाहायला गेले, मांडीवर घेतली, काही बोलले नाहीत. मग ती साडेतीन-चार वर्षांची असताना एका राखेच्या बुधवारी आईबापासोबत पाचगणीला आलेली होती. बाबांनी तिला विचारलं, "येतीस का चर्चला?" आणि बोट धरून घेऊन गेले. कम्युनियनच्या रांगेत तिला उभं राहता येत नाही. तिथं फक्त कॅथलिक, तेही पहिलं कम्युनियन झालेले. राखेच्या रांगेला अशी अट नाही. राख संस्कार नव्हे, खूण आहे. जो पुढं येईल त्याला लावतात. बाबांना हे पाठ होतं. पाचगणीत कामाला येणाऱ्या वाईकडच्या बायका कितीदा विचारायच्या, हा कसला अंगारा, आम्हाला लावून घेतला तर चालंल का, आणि बाबा त्यांनाही रांगेत धाडायचे. पुष्कळ वर्षी महाशिवरात्र आणि राखेचा बुधवार मागं-पुढंच येतात. ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार, आणि त्याच्या 46 दिवस आधी हा बुधवार, म्हणजे तो अमावस्येच्या आसपासच पडणार. शिवरात्र तर अमावस्येच्या आदल्या दिवशीची. एकाच आठवड्यात दोन्हीकडं भस्म. बायकांना ते चटकन कळायचं.

तर त्या दिवशी रांगेत आजोबा आणि नात. फादरांनी आधी बाबांच्या कपाळाला, मग वाकून तिच्या कपाळाला राख लावली. तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील हे ध्यानात ठेव, हे शब्द तिनं ऐकले. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "मी माती आहे?"

"व्हय," बाबा म्हणाले. "मी बी."

ती रडकुंडीला आली. तसे बाबा पायरीवर बसले, तिला समोर उभं केलं आणि विचारलं, "स्ट्रॉबेरी कशात येती?" तिनं विचार केला. "मातीत." "मग?" म्हणाले आणि उठले.

त्यानंतर दर वर्षी ती त्या बुधवारी यायची. नाताळ हुकला तरी हा नाही. झावळ्या निवडण्यापासून सगळ्यात असायची, झाकण उघडायची घाई तिचीच. म्हणून गेल्या वर्षीचा तो लाल पट्टा आईच्या मनात राहिला. जिथं तिला कोणी अडवत नाही अशी तीच एक रांग होती.

सुतार असल्यामुळं शवपेट्याही बाबाच करायचे. निरोप आला की रात्रीत. लाकूड बहुतेक वेळा सिल्व्हर ओकचं, पाचगणीत ते रस्तोरस्ती. पण हे लाकूड ओलं वापरलं की पिळतं, आणि टोकाशी खिळा मारला की उभं चिरतं, म्हणून फळ्या कायम वर्षभर आधी कापून आढ्यावर ठेवलेल्या आणि खिळ्याआधी गिरमिटानं भोक. पेटी खांद्याशी रुंद, पायांकडं निमुळती. तो खांद्याचा बाक एकाच फळीत आणायचा असेल तर फळीच्या आतल्या बाजूला बोटभर अंतरानं करवतीचे पाच-सहा खाचे घ्यायचे, जाडीच्या दोन-तृतीयांशापर्यंत, त्यावर उकळतं पाणी ओतायचं आणि गुडघ्याशी धरून हळूहळू वाकवायचं. खाचा उथळ राहिला तर वाकत नाही, खोल गेला तर मोडते. मोडल्याचा आवाज रात्री लांबवर जातो, आणि ज्यांच्या घरी माणूस गेलंय त्यांना तो ऐकू जाऊ नये म्हणून बाबा पाण्याची घाई करत नसत. कड्यांऐवजी सुताची जाड दोरी, आतून गाठ मारलेली. मजुरी घेत नसत, फळ्यांचे पैसे कोणी दिले तर घ्यायचे. लहान पेटी त्यांच्या हातून दोनदा झाली. त्या दोन्ही दिवशी ते जेवले नाहीत, आणि त्याला उपवास म्हणाले नाहीत.

त्यांची पेटी साताऱ्याहून आणावी लागली. तयार मिळते, गुळगुळीत पॉलिशची, सोनेरी प्लास्टिकच्या कड्या लावलेली. चर्चच्या दारात त्यातली एक निखळून हातात आली. मग सगळ्यांनी खालून हात घातले.

शेवटच्या सात-आठ महिन्यांत त्यांची आठवण मागून पुढं पुसत आली. आधी नातवंडांची नावं गेली, मग पाचगणी, मग बहुतेक आम्ही. उरलं ते 1950 च्या आसपासचं, वेदीसेवक असतानाचं. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होती. परदेशी फादर वेदीच्या पायथ्याशी उभे राहून म्हणायचे, "इन्त्रोइबो आद आल्तारे देइ," मी देवाच्या वेदीपाशी जाईन, आणि गुडघ्यावरच्या पोरानं उत्तर द्यायचं, "आद देउम क्वि लेतिफिकात युवेन्तूतेम मेआम." माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवापाशी. नगरच्या खेड्यातल्या दहा वर्षांच्या पोरानं हे अर्थ न कळता घोकलं होतं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, आणि बाबांना मराठीच जास्त आवडायची. "आता आपण काय बोलतोय ते कळतं," म्हणायचे. पण मराठी शब्द गेले आणि लॅटिन राहिलं. थोरल्या नातवाला त्यांनी लहानपणी खेळ म्हणून ही जोडी शिकवली होती. तो खाटेशी बसून पहिली ओळ म्हणायचा, आणि ज्यांना पाणी हवंय हेही सांगता येत नव्हतं ते बाबा, डोळे मिटलेले, दुसरी ओळ एक अक्षर न चुकता म्हणायचे. मयताच्या मिस्सेत ही ओळ एकदाच म्हणत, तिच्या पुढचं स्तोत्र म्हणत नसत, हेही त्यांनीच पूर्वी सांगितलेलं. दफनाच्या दिवशी नातू पेटीजवळ उभा होता. ओठ हलले त्याचे, पण त्यानं ती म्हटली नाही.

यंदा जानेवारीतच फादरांनी आईला निरोप पाठवला की राख तुम्ही कराल का. आईनं धाकट्याला फोन केला, त्यानं लेकीला. रविवारी तिघंही आले, सूनबाईंनी येताना साताऱ्याहून मलमलीचं नवं फडकं आणलं होतं. सोमवारी सकाळी अंगणात दोन घमेली, गोणी, सांडशी. गावातून आलेल्या झावळ्या निवडून, वाळवून तयार होत्या. पोरीनं मोजून अडतीस रबरं आणि एक प्लास्टिकचं जास्वंद बाजूला काढलं होतं.

आमच्या घरातली झावळी मात्र त्यात नव्हती. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागं बाबांनी घडवलेला शेवटचा क्रूस खोचलेला आहे. झावळ्यांच्या रविवारासाठी ते वाईतल्या एका परड्यातून नारळाच्या झावळ्या आणायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून, आणि शनिवारी रात्री शे-दीडशे क्रूस वळायचे. पातं ओलं आहे तोवरच घडी बसते, दुसऱ्या दिवशी चिरतं. शेवटच्या वर्षी आठवण विरत चालली होती तरी हात चुकले नाहीत, फक्त अठरा-वीस झाल्यावर थांबले. त्यातला हा. आता जवळजवळ तीन वर्षं झाली. आशीर्वाद दिलेली वस्तू साठवायची नाही, वापरून संपली की जाळायची नाहीतर पुरायची, असा बाबांचा नेम होता. दुसऱ्यांच्या घरी जुन्या झावळ्या तसबिरीमागं दिसल्या की ते मागून आणायचे. आईला हे सगळ्यांपेक्षा जास्त माहीत. तरी गेल्या वर्षी तिनं दिला नाही आणि त्याच्या आदल्या वर्षीही नाही, आणि तिला कोणी विचारलं नाही.

सोमवारी ज्वाळ लागायच्या आधी ती आत गेली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं क्रूस नातीच्या हातात दिला. रंग गव्हाच्या काडासारखा झालेला, कडा ठिसूळ. पोरगी तो घमेल्यात टाकणार तोच धाकटा म्हणाला, "थांब. आधी हीर काढ."

ती उकिडवी बसली, नखानं घडी उलगडायला लागली. पहिली घडी तुटली. दुसरी जपून उलगडली, पातं उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं.

"याला हीर नाहीच आहे."

आई घमेल्यातली पाती सांडशीनं सारखी करत होती. "करतानाच काढायचे ते," ती म्हणाली. "टाक."